वादविवाद स्पर्धेची तयारी : परिपत्रक हाती पडल्यापासून निकालापर्यंत

वादविवाद स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी पाठांतरात सहसा कमी पडत नाहीत. ते तयारीच्या क्रमात चुकतात. विषय कळताच भाषण लिहायला घेतले जाते, मग त्या भाषणाला शोभतील असे आकडे शोधले जातात, नियमावली आदल्या रात्री उघडली जाते आणि समोरची बाजू काय म्हणेल याचा विचार थेट सभागृहात खुर्चीवर बसल्यावर सुरू होतो. अशा तयारीतून पाच मिनिटांचे घोटवलेले भाषण तेवढे उभे राहते. वक्तृत्व स्पर्धेत ते खपून जाते. वादविवादात समोरच्याचे ऐकून त्याला उत्तर द्यावे लागते, आणि सगळी तयारी त्या उत्तराच्या दिशेने करावी लागते.

पुढील टप्पे सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. उदाहरणासाठी एकच विषय शेवटपर्यंत वापरला आहे : ‘दुष्काळप्रवण भागातील ऊस लागवडीवर कायद्याने मर्यादा घालावी.’ हा विषय आपल्याकडे कोणालाच परका नाही, आणि नेमकी तीच त्यातली अडचण आहे. ओळखीच्या विषयावर वाचन कमी होते आणि मतप्रदर्शन जास्त.

टप्पा १ : परिपत्रक ओळीओळीने वाचा

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागलेले किंवा व्हॉट्सॲपवर आलेले परिपत्रक बहुतेक जण विषय, तारीख आणि बक्षिसाची रक्कम एवढ्यापुरतेच वाचतात. खरे महत्त्वाचे मजकूर त्याखालच्या नियमांमध्ये असतात. परिपत्रकाची एक छापील प्रत काढावी आणि पेन्सिलने पुढील गोष्टींवर खुणा कराव्यात.

१. संघाची रचना. मराठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत सर्वाधिक आढळणारी पद्धत म्हणजे दोन विद्यार्थ्यांचा संघ, त्यात एकाने विषयाच्या बाजूने आणि दुसऱ्याने विरोधात बोलायचे. काही ठिकाणी पूर्ण संघाला एकच बाजू मिळते आणि ती चिठ्ठी टाकून ठरते. या दोन पद्धतींची तयारी वेगळी असते.

२. वेळेची विभागणी. ‘५ + २’ असे लिहिले असेल, तर पाच मिनिटे मांडणीसाठी आणि दोन मिनिटे खंडनासाठी, म्हणजे समोरच्याचे मुद्दे खोडून काढण्यासाठी आहेत. खंडन त्याच भाषणात करायचे की सर्वांची भाषणे झाल्यावर पुन्हा उभे राहून, हे परिपत्रकात स्पष्ट नसेल तर संयोजकांना फोन करून विचारावे. इशाऱ्याची घंटा केव्हा वाजते आणि वेळ ओलांडल्यास किती गुण वजा होतात, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

३. कागदाचा वापर. टिपणे चालतात का, की कागद हातात दिसला तरी गुण कापले जातात?

४. भाषा. मराठी स्पर्धेत हिंदी किंवा इंग्रजीत बोलता येईल का, हे गृहीत धरू नये.

५. कागदपत्रे. ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र किंवा बोनाफाईड, प्रवेश अर्ज आणि प्रवेश शुल्क यांची अंतिम तारीख लिहून ठेवावी. प्राचार्यांची सही मिळायला दोन-तीन दिवस सहज जातात, विशेषतः परीक्षांच्या काळात.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात उतरून पुढच्या पातळीवर जाण्याची इच्छा असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवातील वादविवादात प्रत्येक विद्यापीठाचे दोन वक्ते असतात, एक बाजूने आणि एक विरोधात. विषय २४ तास आधी जाहीर होतो, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटे मिळतात, माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असते आणि लिहून आणलेले वाचता येत नाही. मराठीत उत्तम बोलणारा, पण हिंदीत कधीच उभा न राहिलेला विद्यार्थी तिथे अडतो. म्हणून महिन्यातून एखादा सराव हिंदीत करावा.

सावधान : गेल्या वर्षीच्या स्पर्धकाने सांगितलेल्या नियमांवर विसंबू नका. एकाच स्पर्धेचे नियम दरवर्षी थोडे बदलतात.

टप्पा २ : जोडीदार आणि बाजू ठरवा

जोडीदार निवडताना मैत्री हा निकष पुरेसा नाही. एक जण जोरकस बोलणारा आणि दुसरा नीट ऐकणारा असेल, तर जोडी चांगली जमते, कारण सांघिक करंडक दोघांच्या गुणांच्या बेरजेवर ठरत असतो आणि एकट्याच्या चमकदार भाषणाने तो मिळत नाही. कोणी कोणती बाजू घ्यायची, हे पहिल्या आठवड्यात ठरवू नये. दोघांनी दोन्ही बाजूंचे वाचन करावे आणि पहिल्या सरावानंतर निर्णय घ्यावा. स्वतःच्या मताच्या विरुद्ध बाजू पुष्कळदा अधिक चांगली मांडता येते. तिथे माणूस भावनेवर न जाता कारणे शोधतो.

टप्पा ३ : विषयाची फोड करा

विषयातील प्रत्येक शब्द वहीत स्वतंत्र ओळीवर लिहावा आणि त्यासमोर त्याचा अर्थ मांडावा. आपल्या उदाहरणात चार शब्द निर्णायक आहेत.

‘दुष्काळप्रवण भाग’ म्हणजे कोणता? पावसाच्या सरासरीवरून ठरवायचा, की शासनाने जाहीर केलेल्या तालुक्यांच्या यादीवरून? उजनी धरणाच्या कालव्याखाली आलेले एखादे गाव पावसाच्या हिशेबाने दुष्काळी आणि पाण्याच्या हिशेबाने बागायती असू शकते. ‘ऊस लागवड’ म्हणजे नवी लागण फक्त, की खोडवाही (तोडणीनंतर जुन्या खोडातून पुन्हा वाढणारा ऊस)? ‘कायद्याने’ या शब्दामुळे आवाहन, अनुदान, प्रबोधन हे सारे उपाय बाजूला पडतात. विषयाच्या बाजूने बोलणाऱ्याला कायदाच का हवा, हे सिद्ध करावे लागते. आणि ‘मर्यादा’ म्हणजे बंदी नव्हे.

शेवटच्या शब्दावर सर्वाधिक घोटाळा होतो. विरोधी वक्ता उभा राहतो आणि ‘ऊस बंद केला तर साखर कारखान्यांतील कामगारांनी जायचे कुठे’ असे तावातावाने विचारतो. विषयात बंदी नाहीच. जागरूक प्रतिस्पर्धी हे एका वाक्यात दाखवून देतो आणि त्या वक्त्याची तीन मिनिटे वाया जातात.

व्याख्या प्रामाणिक असावी. आपल्या सोयीसाठी विषय इतका आकुंचित करू नये की समोरच्याला बोलायला जागाच उरणार नाही. अशी चतुराई परीक्षकांना लगेच कळते आणि ती रुचत नाही.

तपासा : विषय न पाहता तो शब्दशः म्हणता येतो का? ‘मर्यादा घालावी’, ‘बंदी घालावी’ आणि ‘घालणे आवश्यक आहे’ या तिन्हींची जबाबदारी वेगवेगळी आहे.

टप्पा ४ : आधी समोरची बाजू लिहून काढा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण गाळतात. वहीचे पान उभे दुमडून डाव्या रकान्यात विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे लिहावेत. कमकुवत मुद्दे लिहून त्यांना उत्तरे देण्यात समाधान मिळते, पण उपयोग होत नाही. विरोधी बाजूला खरोखर जिंकायचे असेल तर ती काय म्हणेल, हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

समजा आपण विषयाच्या बाजूने आहोत. विरोधी वक्ता साधारण असे म्हणेल : उसाला रास्त व किफायतशीर दराचे संरक्षण आहे, तसे खात्रीचे संरक्षण शेतकऱ्याला इतर पिकांत मिळत नाही, कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव कोसळताना त्याने पाहिले आहेत. ऊस गारपिटीत आणि लांबलेल्या पावसातही बऱ्यापैकी तग धरतो. जिल्ह्यातील कारखाने, वाहतूकदार, तोडणी मजूर, सहकारी पतसंस्था या सर्वांचा व्यवहार उसाभोवती फिरतो. शिवाय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. मग आधी तोच पूर्णपणे अमलात आणायचा सोडून नवा कायदा कशासाठी?

हे चारही मुद्दे भक्कम आहेत. उजव्या रकान्यात प्रत्येकासमोर दोन ओळींचे उत्तर लिहावे. ज्या मुद्द्याला उत्तर सापडत नाही, त्याभोवती गोल करावा. तो मुद्दा सभागृहात येणारच असे धरून चालावे आणि पुढचे वाचन त्या गोलापासूनच सुरू करावे.

कधी कधी उत्तर नसतेच. अशा वेळी मुद्दा मान्य करून त्याचे वजन कमी असल्याचे दाखवावे लागते : ‘उसाला दराची हमी आहे, हे खरे आहे. ती हमी इतर पिकांना देणे हा उपाय आहे. पाणी नसलेल्या गावात ऊस वाढवत राहणे हा उपाय नाही.’ मान्य करण्याने वक्ता लहान होत नाही. खोटा नकार देणाऱ्यापेक्षा परीक्षक त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतात.

टप्पा ५ : माहिती गोळा करा, आणि मग ती तपासा

माहितीसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील वृत्तपत्रांचे जुने अंक, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी सार्वजनिक वाचनालये, राज्य शासन दरवर्षी प्रसिद्ध करते ती ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’, जनगणनेचे अहवाल आणि जलसंपदा विभागाची धरणसाठ्याची आकडेवारी, एवढे सामान्यतः पुरते. मोबाइलवर फिरणारे संदेश आणि चित्रफिती हा माहितीचा स्रोत नव्हे. एखादी गोष्ट तिथे दिसली, तर ती मूळ ठिकाणी शोधावी. न सापडल्यास सोडून द्यावी.

प्रत्येक आकड्यासमोर चार नोंदी असाव्यात : कोणी सांगितला, कोणत्या वर्षाचा, कशाचा आणि कोणत्या एककात. यातली एकही नोंद नसेल तर तो आकडा व्यासपीठावर न्यायचा नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. उन्हाळ्यात आपल्याकडच्या वृत्तपत्रांत ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ आणि नंतर ‘उजनी उणे पातळीत’ असे मथळे येतात. हे वाचून विद्यार्थी भाषणात लिहितो : ‘उजनी धरणात आज पाण्याचा थेंबही शिल्लक नाही.’ प्रत्यक्षात उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी, आणि सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठा, म्हणजे एरवी सोडता येणारे पाणी. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजली जाते. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला. धरणात तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि त्याच मृतसाठ्यातून उन्हाळ्यात पिण्याची गरज भागवली जाते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. हे ज्याला माहीत आहे, तो समोरच्याचे ‘थेंबही नाही’ हे वाक्य वीस सेकंदांत निष्प्रभ करू शकतो.

इथेच दुसरी चूक होते. आकडा दुरुस्त केला की आपण जिंकलो, असे विद्यार्थ्याला वाटते. पण ६३ टीएमसी मृतसाठा आहे म्हणून पाण्याची टंचाई नाही, असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. मृतसाठा कालव्यातून सहजासहजी बाहेर निघत नाही, आणि सोलापूर शहरातील घरांत रोज पाणी येत नाही ही वस्तुस्थिती सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आकडा आणि अनुभव यांत विसंगती दिसली, तर श्रोते अनुभवावरच विश्वास ठेवतात. म्हणून आकड्याचा अर्थही सोबत सांगावा.

सावधान : थोर व्यक्तींच्या नावावर फिरणारी वचने वापरू नका. ती खरोखर त्यांचीच आहेत, हे मूळ ग्रंथात पाहिले असेल तरच घ्यावीत. पाच मिनिटांत एक वचन पुष्कळ झाले.

टप्पा ६ : आता भाषण लिहा

इथपर्यंत येईस्तोवर भाषणाचा एकही परिच्छेद लिहिलेला नसावा. मराठीत सभेत समजेल अशा गतीने बोलल्यास मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांसाठी साडेपाचशेच्या आसपास शब्द पुरतात. आठशे शब्द लिहून ते पाच मिनिटांत बसवणारा वक्ता धापा टाकत बोलतो आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. स्वतःची गती मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून एकदा मोजावी.

मांडणीत तीनच मुद्दे घ्यावेत. चौथा मुद्दा सुचला आणि तो फारच चांगला वाटला, तर आधीच्या तिनांपैकी एक काढावा. प्रत्येक मुद्द्यात विधान, त्याचे कारण, त्याचा पुरावा आणि त्याचा विषयाशी संबंध हे चार भाग याच क्रमाने यावेत. शेवटचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. ‘ऊस हे बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक आहे’ एवढे सांगून थांबल्यास ती नुसती माहिती राहते. ‘म्हणून एकदा लागण झाली की पाऊस हुकला तरी त्या वर्षीचे पाणी आधीच बांधले गेलेले असते, आणि ते कशाला द्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य टिकवण्यासाठी लागणीपूर्वीच मर्यादा असावी लागते’ असे पुढे नेले, की तो मुद्दा होतो.

सुरुवातीला संबोधन दहा सेकंदांत संपवावे. ‘सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि उपस्थित मित्रहो’ एवढे पुरेसे आहे. त्यानंतर लगेच आपली बाजू आणि विषयाचा अर्थ सांगावा. चारोळी, शेर, काल्पनिक शेतकऱ्याची आत्मकथा यांनी सुरुवात करण्याची प्रथा जोरात आहे, पण त्यात मौल्यवान पाऊण मिनिट जाते आणि परीक्षकांच्या गुणपत्रिकेत त्यासाठी वेगळा रकाना नसतो. तिथे साधारणपणे विषयाचे आकलन, मुद्द्यांची मांडणी, खंडन, भाषा आणि सादरीकरण असे रकाने असतात.

तपासा : भाषणातील प्रत्येक परिच्छेदानंतर ‘मग काय झाले?’ असा प्रश्न जोडीदाराने विचारावा. उत्तर परिच्छेदातच सापडत नसेल, तर तो पुन्हा लिहावा.

टप्पा ७ : खंडनाचा स्वतंत्र सराव करा

खंडन ही उत्स्फूर्त गोष्ट आहे, तिचा सराव कसा करणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चांगले खंडन बहुतांशी तयार असते. सभागृहात फक्त निवड करायची असते. टप्पा ४ मधील दोन रकान्यांची वही त्यासाठीच आहे.

खंडनाची चार पावले आहेत. समोरच्याने काय म्हटले ते त्याच्याच शब्दांत, थोडक्यात सांगावे. त्यात कोठे चूक आहे ते दाखवावे. कारण द्यावे. आणि त्यामुळे त्याच्या मूळ भूमिकेचे काय झाले, ते सांगावे.

आता एक कच्चे खंडन पाहा. विरोधात बोलणाऱ्या वक्त्याने असे उत्तर दिले : ‘माझे मित्र एसी खोलीत बसून उसावर मर्यादा घालायला निघाले आहेत. त्यांनी कधी शेतात पाऊल तरी ठेवले आहे का? शेतकऱ्याच्या घामाची किंमत त्यांना काय कळणार?’ टाळ्या पडतील. पण समोरच्याचा एकही मुद्दा यात आलेला नाही. आली आहे ती केवळ व्यक्तीवरची टीका, आणि तिचे गुण कापले जातात.

तेच उत्तर असे देता येते : ‘विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या वक्त्यांनी सांगितले, की उजनीतील पाणी ऊसच संपवतो. पण उजनीवर सिंचनाबरोबर शहरांचा पाणीपुरवठा, औद्योगिक वापर आणि फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्पही अवलंबून आहे, आणि मोठ्या जलाशयातून बाष्पीभवनही होते. त्यांनी या सर्व वापरांत उसाचा वाटा किती, हे सांगितले नाही. वाटा माहीत नसताना एकाच वापरावर कायदा करणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे. पाणी मोजून देण्याचा नियम सर्वांना सारखा लागू झाला, तर पीक कोणते घ्यायचे हे शेतकरी स्वतःच ठरवील.’ या उत्तरात समोरच्याचे विधान आहे, त्यातील उणीव आहे आणि पर्यायही आहे. पर्याय दिला, की खंडन केवळ नकारात्मक राहत नाही.

सराव असा करावा : जोडीदाराने एक मिनिट विरुद्ध बाजू मांडावी, आपण तीस सेकंद विचार करावा आणि एक मिनिटात उत्तर द्यावे. दिवसाला पाच फेऱ्या पुरतात. बाजू आलटून पालटून घ्यावी. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयातील अशा कोणाला तरी बोलवावे, ज्याला विषयाची काहीच माहिती नाही; त्याने काढलेली शंका जोडीदाराला कधीच सुचत नाही.

प्रतिस्पर्ध्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी घालून मग ते खोडून काढणे, ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक खोड आहे. परीक्षकांनी मूळ विधान नुकतेच ऐकलेले असते.

बोलण्याचा क्रम चिठ्ठीने ठरतो, त्यामुळे दोन्ही शक्यता धराव्यात. पहिल्या क्रमांकावर नाव आले, तर खंडन करायला कोणी बोललेलेच नसते. तेव्हा अपेक्षित आक्षेप स्वतःच मांडून त्यांना उत्तर द्यावे : ‘माझ्यानंतर येणारे वक्ते दराच्या हमीचा मुद्दा काढतील...’ क्रमांक अगदी शेवटचा आला, तर सांगून झालेली माहिती पुन्हा सांगू नये. आपल्या मांडणीतील एक मुद्दा तिथल्या तिथे गाळून तो वेळ खंडनाला द्यावा. यासाठी कोणता मुद्दा गाळायचा, हे घरीच ठरवून ठेवावे.

टप्पा ८ : उभे राहून, घंटा लावून सराव करा

बसून केलेला सराव फारसा उपयोगी पडत नाही. रिकाम्या वर्गात उभे राहावे, चौथ्या आणि पाचव्या मिनिटाला मोबाइलवर घंटा लावावी आणि घंटा वाजल्यावर चेहरा व गती बदलते का, हे जोडीदाराने पाहावे. इशाऱ्याची घंटा झाली की चालू वाक्य शांतपणे पूर्ण करायचे आणि तयार असलेल्या समारोपाच्या दोन वाक्यांकडे वळायचे. ही दोन वाक्ये मात्र तोंडपाठ असावीत. संपूर्ण भाषणातील पाठ करण्याजोगा भाग तेवढाच आहे. बाकीचे मुद्द्यांच्या क्रमाने लक्षात ठेवावे, म्हणजे एक शब्द विसरला तरी पुढचे सगळे अडत नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. सोलापूरच्या वर्गांत घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा हिंदी बोलणारी मुले मोठ्या संख्येने असतात, आणि ‘माझे मराठी शुद्ध नाही’ या संकोचाने त्यांतील कितीतरी जण नावच देत नाहीत. हे फार मोठे नुकसान आहे. परीक्षक उच्चारांतील स्पष्टता पाहतात. घरच्या भाषेची लकब असणे हा दोष नाही. अडखळायला लावणारे शब्द शोधून त्यांच्या जागी आपल्या जिभेवर रुळलेले शब्द घ्यावेत. ‘जलसंधारणाच्या अनुषंगाने’ म्हणताना जीभ अडत असेल, तर ‘पाणी अडवण्यासाठी’ म्हणावे. अर्थ तोच पोहोचतो, उलट अधिक लवकर. न आणि ण, ल आणि ळ यांचा सराव रोज दहा मिनिटे वृत्तपत्रातील अग्रलेख मोठ्याने वाचून करता येतो. आणि घरी मराठीच बोलणाऱ्यांनीही तो करावा.

तपासा : शेवटच्या सरावात भाषण ठरलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा सेकंद आधी संपले पाहिजे. सभागृहात तेवढा वेळ माइक जुळवण्यात आणि टाळ्यांत जातो.

टप्पा ९ : स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धा पुण्यात असेल आणि नोंदणी सकाळी लवकर असेल, तर त्याच दिवशीच्या हुतात्मा एक्सप्रेसवर विसंबू नये; आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. तालुक्याच्या गावाहून सोलापुरात येणाऱ्यांनी शेवटच्या नव्हे, तर त्याआधीच्या एसटीने निघावे. नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्राची मूळ प्रत लागते. मोबाइलमधील छायाचित्र अनेक ठिकाणी चालत नाही.

सभागृहात पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे व्यासपीठ, माइक आणि घंटा वाजवणारे वेळनियंत्रक कोठे आहेत, ते पाहणे. दुसरे काम म्हणजे नियमांत आयत्या वेळी झालेला बदल ऐकणे. स्पर्धक जास्त आल्यास वेळ कमी केली जाते, आणि ‘५ + २’ चे ‘४ + १’ होऊ शकते. चार मिनिटांची आवृत्ती म्हणूनच आधी तयार असावी.

त्यानंतर ऐकायला बसावे. स्वतःचा क्रमांक येईपर्यंत बाहेर व्हरांड्यात भाषण घोकत फिरणारे स्पर्धक प्रत्येक स्पर्धेत दिसतात. खंडनासाठी लागणारी सर्व सामग्री त्या वेळी आत सांगितली जात असते. एका कागदावर वक्त्याचा क्रमांक, त्याचा मुद्दा दोन-तीन शब्दांत आणि शेजारी आपले उत्तर, असे टिपत जावे. पूर्ण वाक्ये लिहिण्याच्या नादात पुढचे ऐकायचे राहते. उभे राहण्याआधी त्यातील दोन, फार तर तीन मुद्दे निवडून त्यांवर खूण करावी. निवडताना जे अनेक वक्त्यांनी सांगितले आणि ज्यावर विरोधी बाजू उभी आहे, ते घ्यावे. एखाद्याची जीभ घसरली किंवा सनावळी चुकली, एवढ्यावर खंडन खर्च करू नये.

प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख ‘विरोधी बाजूचे वक्ते’ किंवा ‘क्रमांक सातचे वक्ते’ असा आदरार्थीच करावा. त्याच्या महाविद्यालयाचे नाव घेऊ नये. पुष्कळ स्पर्धांत स्वतःच्या महाविद्यालयाचे नाव सांगण्यासही मनाई असते, कारण परीक्षकांसमोर फक्त क्रमांक असतो. अनवधानाने नाव उच्चारले गेल्यास स्पर्धक बाद होऊ शकतो.

सावधान : जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला क्रमांक असेल, तर जेवण भाषणानंतर करा. घशाला त्रास देणारे थंड पेय टाळा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

टप्पा १० : निकालानंतरचा अर्धा तास

परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो आणि त्याबद्दल वाद घालू नये. मात्र त्यांना मार्गदर्शन विचारण्यास सहसा मनाई नसते. ‘माझे काय चुकले?’ असे मोघम विचारल्यास ‘छान होते, प्रयत्न चालू ठेवा’ असे मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी ‘दराच्या हमीला मी दिलेले उत्तर आपल्याला पटले का?’ असा नेमका प्रश्न विचारावा. उत्तर तिथेच लिहून घ्यावे. इतरांनी मांडलेले जे मुद्दे आपल्या वहीत नव्हते, तेही परतीच्या प्रवासातच डाव्या रकान्यात उतरवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांतील निम्मे आठवत नाहीत.

प्रमाणपत्र हाती आल्यावर आपल्या नावाचे लेखन, महाविद्यालयाचे नाव, स्पर्धेची पातळी आणि तारीख तिथल्या तिथे तपासावी. चूक असल्यास संयोजक त्याच वेळी दुसरे प्रमाणपत्र लिहून देऊ शकतात. नंतर त्यासाठी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो. त्याची एक छायांकित प्रत महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागात जमा करावी.